राक्षसांचं श्राद्ध घालणारा दिग्दर्शक

जपानी सिनेमा म्हटलं की आपल्याकडे कुरोसावा, ओझू, मियाझाकी ही नावं पटकन निघतात. अकिओ जिस्सोजी हे नाव सहसा निघत नाही. त्याचं एक कारण सोपं आहे: या माणसाला कुठल्या खणात ठेवायचं तेच लोकांना ठरवता आलेलं नाही. त्याने ‘अल्ट्रामॅन’ या मुलांच्या मालिकेचे भाग केले. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा, बौद्ध तत्त्वज्ञान आणि अगम्यागमन, म्हणजे रक्ताच्या नात्यातले शरीरसंबंध, यांची सांगड घालणारा सिनेमाही केला. ऑपेरा बसवले, संगीताचे कार्यक्रम चित्रित केले, रहस्यकथांवर चित्रपट काढले आणि मधल्या काळात सरळसरळ प्रौढांसाठीचे व्हिडिओसुद्धा केले.

त्यामुळे त्याचे चाहतेही वेगवेगळ्या घरांत विभागले गेले. राक्षसांच्या मालिकांवर जीव असणाऱ्यांना त्याचे कलात्मक चित्रपट जड जातात, आणि कलात्मक चित्रपटांचे अभ्यासक मालिकांकडे पोटापाण्याचा उद्योग म्हणून बघतात. मला ही वाटणीच चुकीची वाटते. दोन्हीकडे कॅमेरा त्याच जागी उभा आहे, माणसं बरीचशी तीच आहेत आणि विचारलेला प्रश्नही तोच आहे. कसा, ते पाहू.

आधी ती फ्रेम

जिस्सोजीचा शॉट ओळखायला जपानी यावं लागत नाही. नेहमीच्या दिग्दर्शकाला दोन माणसं बोलताना दाखवायची असतील तर तो कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो, एकदा याचा चेहरा, एकदा त्याचा चेहरा. प्रेक्षकाला दोघंही नीट दिसतात आणि कॅमेरा नावाची वस्तू तिथे आहे याचा विसर पडतो. जिस्सोजी कॅमेरा जमिनीला टेकवतो, किंवा टेबलावरच्या टेलिफोनमागे लपवतो. अर्धी फ्रेम टेलिफोनने खाल्लेली, वरच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचा एक डोळा आणि कपाळ. दुसऱ्या शॉटमध्ये खुर्चीच्या पाठीच्या दांड्यांमधून माणूस दिसतो. तिसऱ्यात चेहरा इतका जवळ येतो की घामाचे थेंब मोजावेत. मग एकदम इतका लांबचा शॉट की माणूस म्हणजे भिंतीवरची मुंगी.

यातल्या तीन युक्त्या समजल्या की बाकीचं आपोआप कळत जातं.

पहिली म्हणजे वाइड अँगल लेन्स. ही लेन्स खूप मोठा परिसर एका फ्रेममध्ये कोंबते. म्हणून चेहरा मोठा दिसायला हवा असेल तर कॅमेरा अगदी जवळ न्यावा लागतो, आणि खरी गंमत या जवळ जाण्यात आहे. लेन्स नाकापासून वीतभर अंतरावर असेल, तर कान तिच्यापासून साधारण दीडपट लांब पडतो. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, त्यामुळे नाक फुगतं, कान मागे पळतात, खोलीच्या भिंती वाकतात. तोच चेहरा दोन मीटरवरून टिपला तर नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो आणि माणूस देखणा दिसतो. जिस्सोजीला देखणेपण नको होतं. चेहरा हा एक भूभाग आहे, त्यावर दऱ्या आणि टेकड्या आहेत, असं त्याचे क्लोजअप सांगतात.

दुसरी युक्ती, पुढ्यात काहीतरी ठेवणं. बाटली, दाराची चौकट, दुसऱ्या माणसाचा खांदा. समोर अडथळा आला की आपण नकळत मान वाकडी करतो. पाहणारा मग प्रेक्षक राहत नाही, डोकावणारा होतो. जे चाललंय ते आपल्यासाठी मांडलेलं नाही, आपण चोरून बघतोय, ही जाणीव सतत राहते.

तिसरी, पाठीमागून प्रकाश. उजेड माणसाच्या मागे ठेवला की चेहरा काळा पडतो आणि फक्त बाह्यरेखा उरते. मग हा रागावलाय की रडतोय, हे आपल्याला आवाजावरून ताडावं लागतं.

यात कला किती आणि काटकसर किती, असा प्रश्न पडू शकतो. माझ्या मते दोन्ही. टीव्हीच्या बजेटमध्ये उभा केलेला सेट जवळून पाहिला की पुठ्ठ्याचा दिसतो. अर्धी फ्रेम अंधारात आणि पाव फ्रेम टेलिफोनमागे गेली की सेटची लाज झाकली जाते. पण गरजेतून सुचलेली गोष्ट पुढे पैसे असतानाही त्याने सोडली नाही. यावरून ती नुसती सोय नव्हती हे उघड आहे.

टीव्हीवरचा त्रासदायक पोरगा

जिस्सोजीचा जन्म २९ मार्च १९३७ चा, टोकियोतला. लहानपणाचा काही काळ चीनमधल्या चिंगदाओ शहरात गेला. युद्ध संपल्यावर कुटुंब जपानला परतलं. वासेदा विद्यापीठात त्याने फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये तो प्रसारण कंपनीत लागला, जी पुढे टीबीएस या नावाने ओळखली जाऊ लागली.

ते दिवस जपानी टीव्हीच्या तारुण्याचे होते. स्टुडिओंत नाटकं बसत, तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू असत आणि दिग्दर्शक वरच्या काचेच्या खोलीत बसून कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा दाखवायचा ते ठरवत असे. सिनेमाच्या स्टुडिओत सहाय्यक म्हणून दहा-दहा वर्षं पाणी भरावं लागे. टीव्हीत पंचविशीतल्या पोरालाही नाटक बसवायला मिळायचं. नागिसा ओशिमासारखा, स्टुडिओशी भांडून बाहेर पडलेला लेखक-दिग्दर्शक या पोरांसाठी टीव्हीची संहिता लिहून देत होता. जिस्सोजी याच वातावरणात तयार झाला.

आणि अडचणीतही इथेच आला. मिसोरा हिबारी ही त्या काळातली जपानची सर्वांत लाडकी गायिका. आपल्याकडे लताबाईंना जसा मान, तसा तिला. तिच्या कार्यक्रमाचं प्रसारण जिस्सोजीकडे आलं तेव्हा त्याने तिचा चेहरा इतक्या जवळून दाखवला की पडदाभर नुसतं तोंड, आणि मग एकदम इतक्या लांबून की बाई कुठे आहेत ते शोधावं लागावं. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. कंपनीत वरिष्ठांचे चेहरे उतरले. पुढे त्याच्या हाती येणारी कामं कमी झाली, आणि काही काळाने त्याची रवानगी झाली ती एइजी त्सुबुरायाच्या कंपनीत. ‘गॉडझिला’चे ट्रिक सीन करणारा हा जादूगार तेव्हा टीव्हीसाठी राक्षसांच्या मालिका काढत होता. मोठ्या कंपनीतल्या नोकरीवाल्याला ही शिक्षाच वाटली असती. जिस्सोजीला ती फळली.

राक्षस म्हणजे कोण?

‘अल्ट्रामॅन’ जुलै १९६६ मध्ये सुरू झाली. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, एकूण ३९ भाग. ढाचा ठरलेला: एक अजस्र राक्षस येतो, विज्ञान पथक लढतं, हरतं, मग चाळीस मीटर उंचीचा चंदेरी-लाल अल्ट्रामॅन येऊन त्याला संपवतो. चित्रीकरण दोन तुकड्यांत चाले. माणसांचा भाग एका तुकडीकडे, राक्षसांची मारामारी आणि छोट्या इमारतींची मोडतोड दुसऱ्या तुकडीकडे. जिस्सोजीकडे पहिली तुकडी होती. म्हणजे मालिकेचं मुख्य आकर्षण त्याच्या हातात नव्हतंच. त्याने सहा भाग केले, आणि सहाही मामोरू सासाकी या लेखकाबरोबर.

या जोडीने ढाचा न मोडता आतून पोखरला. तेविसाव्या भागातला जमिला बघा. टोकियोत आंतरराष्ट्रीय शांतता परिषद भरणार आहे आणि तिच्या प्रतिनिधींवर एक अदृश्य यान हल्ले करतंय. यानातून निघतो एक राक्षस, वाळलेल्या चिखलासारखी भेगाळलेली कातडी आणि खांद्यांतच रुतलेलं डोकं. मग कळतं की हा राक्षस मुळात माणूस आहे. अंतराळ स्पर्धेच्या काळात पाठवलेला आणि पाणी नसलेल्या ग्रहावर अडकलेला अंतराळवीर. त्याच्या देशाने जगाच्या टीकेला घाबरून ही गोष्ट दडपली, त्याला सोडवायला कुणी गेलं नाही, आणि तिथे जगता जगता त्याचं शरीर असं झालं. पथकाला वरून हुकूम येतो: त्याची खरी ओळख जाहीर न करता, एक राक्षस म्हणूनच त्याला संपवा.

शेवटी अल्ट्रामॅन त्याच्यावर पाणी सोडतो. ज्या पाण्यासाठी तो तडफडला, तेच त्याला मारतं. जमिला परिषदेच्या आवारातल्या देशोदेशींच्या झेंड्यांपाशी चिखलात लोळतो, आणि त्याच्या ओरडण्यात तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा आवाज मिसळलेला आहे. जिस्सोजी आणि ट्रिक तुकडी हा मृत्यू घाईने उरकत नाहीत. मूल समोर बसलेलं असताना एखाद्या मालिकेने इतका वेळ मरण दाखवणं आजही धाडसाचं ठरेल. नंतर जमिलाच्या नावाने सन्मानाचा दगड बसवला जातो, त्यावर मानवजातीच्या स्वप्नांसाठी बलिदान वगैरे मजकूर. पथकातला विनोदी गडी इदे तिथे उभा राहून पुटपुटतो की बळी जाणाऱ्यांच्या वाट्याला नेहमी हेच येतं, शब्द तेवढे छान असतात.

जपानी मुलांनी या भागातून उचललं काय? शर्टाची कॉलर डोक्यावर ओढून, तोंड तेवढं बाहेर ठेवून ‘मी जमिला’ म्हणत पळणं. हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालला. मला हे खूप आवडतं. मुलांनी राक्षसाला मारण्याचा खेळ केला नाही, ती राक्षस झाली.

इतर भागांत सूर हलका आहे, पण दिशा तीच. पंधराव्या भागात मुलांनी रेखाटलेलं चित्र जिवंत होतं आणि ‘गावादोन’ नावाचा राक्षस तयार होतो. तो काही करत नाही. नुसता झोपतो आणि घोरतो. पण शहराच्या मधोमध असा डोंगर घोरत पडला की कामधंदा ठप्प होतो, म्हणून त्याला हलवायचं. मुलं अल्ट्रामॅनला ओरडून सांगतात, मारू नकोस. अल्ट्रामॅन त्याला आकाशात नेऊन तारा करतो आणि दर ७ जुलैला, जपानी लोकांच्या ताऱ्यांच्या सणाला, तो दिसेल असं वचन देतो. यावर एक पोरगं विचारतं: त्या दिवशी पाऊस पडला तर? चौतिसाव्या भागात नायक हायाता करी-भात खाता खाता धावत बाहेर पडतो आणि अल्ट्रामॅन होण्यासाठी हात उंचावतो, तर हातात रूपांतराच्या नळीऐवजी चमचा. नायकाच्या सर्वांत पवित्र क्षणाची अशी थट्टा करायला टवाळ आणि निर्भय असा दिग्दर्शक लागतो.

पस्तिसाव्या भागात पथकाला अवकाशात राक्षसांचं स्मशान सापडतं. आजवर अल्ट्रामॅनने मारलेले सगळे तिथे तरंगतायत. पथकातल्या लोकांना वाईट वाटतं आणि ते मुख्यालयात मेलेल्या राक्षसांच्या तसबिरी मांडून बौद्ध रिवाजाप्रमाणे विधी करतात. आपल्या भाषेत बोलायचं तर श्राद्ध घालतात. त्यानंतर एक सांगाड्यासारखा राक्षस चुकून पृथ्वीवर पडतो. त्याला लढायचं नाही, त्याला परत त्या स्मशानात जायचंय, म्हणून तो उंच इमारतीवर चढून आकाशाकडे हात करतो. शेवटी त्याला रॉकेटला बांधून घरी पाठवतात.

दर आठवड्याला एक शत्रू मारायचा या हिशोबावर चालणाऱ्या मालिकेत बसून या दोघांनी विचारलं, की मारलं त्यांचं काय?

चहाच्या टेबलावरचा शत्रू

पुढची मालिका ‘अल्ट्रा सेव्हन’ १९६७-६८ मधली, ४९ भागांची. तिचा आठवा भाग म्हणजे जिस्सोजी समजून घेण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता. परग्रहावरून आलेला मेट्रॉन एका गावातल्या सिगारेटच्या यंत्रात विषारी लाल स्फटिक मिसळतो. ओढणारा माणूस पिसाट होऊन दिसेल त्याच्यावर तुटून पडतो. म्हणजे शहर उद्ध्वस्त करायची गरजच नाही. माणसांचा एकमेकांवरचा विश्वास मोडला की काम झालं.

‘दान’ नावाचा नायक माग काढत पोचतो तो कामगारवस्तीतल्या एका जुनाट चाळवजा इमारतीत. खोलीत चटया, मधोमध घरोघरी असतं तसं बुटकं गोल टेबल. त्याच्या एका बाजूला दान, दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसलेला परग्रहवासी, माशासारखं लांब डोकं आणि अंगभर झगझगीत रंग. दोघे शांतपणे बोलतात. बाहेर संध्याकाळचा उजेड. जपानी टीव्हीवर इतकं विचित्र आणि इतकं घरगुती दृश्य त्याआधी आलं नसावं. मग खोलीचं सरकतं दार उघडतं आणि पलीकडे यान निघतं. अंतिम लढतही सूर्यास्ताच्या लाल प्रकाशात, दोन काळ्या आकृती, जवळजवळ चित्रासारखी.

निवेदक शेवटी दिलासा देतो: घाबरू नका, ही गोष्ट लांबच्या भविष्यकाळातली आहे. कारण आज आपण माणसं एकमेकांवर इतका विश्वास ठेवतच नाही, की कुणाला तो मोडायला यावं लागेल.

याच मालिकेतला त्याचा बारावा भाग मात्र आज अधिकृतपणे कुठेही बघता येत नाही. त्यात अणुस्फोटाच्या चाचण्यांनी रक्त दूषित झालेले परग्रहवासी पृथ्वीवरच्या माणसांचं रक्त चोरायला येतात. त्यांच्या पांढऱ्या अंगावर भाजल्याच्या व्रणांसारखे डाग आहेत. डिसेंबर १९६७ मध्ये भाग दाखवला गेला तेव्हा फारसं काही झालं नाही. १९७० मध्ये मुलांच्या मासिकासोबत आलेल्या राक्षसांच्या कार्डांवर या परग्रहवासीयाचा उल्लेख ‘बॉम्बपीडित’ अशा अर्थाच्या शब्दाने झाला. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांसाठी वापरतात तोच शब्द. वाचलेल्या लोकांच्या संघटनांनी निषेध केला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि निर्मात्या कंपनीने तो भाग कायमचा मागे घेतला. प्रत्यक्ष भागात तो शब्द नाही, आणि कथेचा रोख अण्वस्त्रांच्या विरोधातच आहे. तरीही निषेध करणाऱ्यांना संवेदनशून्य समजायचं कारण नाही. ज्यांच्याशी लग्न करायला, ज्यांना नोकरी द्यायला समाज कचरत होता, त्यांचे व्रण अंगावर घेतलेला रक्तपिपासू जीव पडद्यावर येणं हे त्यांना कसं वाटलं असेल? हेतू चांगला असला तरी प्रतिमा स्वतःचं वेगळं बोलते, आणि प्रतिमांवरच जगणाऱ्या दिग्दर्शकाला तरी हे कळायला हवं होतं.

क्योतोमार्गे सिनेमाकडे

१९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘काइकी दाइसाकुसेन’ या मालिकेत राक्षसच नव्हते. विज्ञानाचा वापर करून केलेले गूढ गुन्हे आणि त्यांचा छडा लावणारं पथक, एवढंच. जिस्सोजीने यातले चार भाग केले, त्यांतले दोन क्योतोत. ‘क्योतो विकत घेते’ अशा अर्थाच्या नावाच्या भागात बुद्धमूर्तींवर वेडं प्रेम करणारी एक तरुणी आहे. शहराला आपल्या मूर्तींची किंमत उरलेली नाही, तर मीच हे शहर घेते, असं म्हणत ती नाचगाण्याच्या क्लबमधल्या तरुणांकडून शहर देऊन टाकल्याच्या सह्या गोळा करते. देवळांतून मूर्ती नाहीशा होऊ लागतात. तपास करणारा माकी तिच्या प्रेमात पडतो. पंचवीस मिनिटांत, गिटारच्या सुरांवर, रिकाम्या देवळांच्या आवारांत चालणारी ही प्रेमकथा आहे. शेवटी माकीला ती भिक्षुणीच्या वेषात भेटते, आणि बघता बघता तिच्या जागी मूर्ती उभी.

इथून त्याच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाकडे जायला पाऊलभरच अंतर होतं. ते टाकायला पैसा कुठून आला हे समजून घेण्यासारखं आहे. आर्ट थिएटर गिल्ड, म्हणजेच एटीजी, ही संस्था १९६१ मध्ये परदेशी कलात्मक चित्रपट दाखवण्यासाठी निघाली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिने एक योजना काढली: चित्रपटाचा खर्च साधारण एक कोटी येन धरायचा, अर्धे पैसे संस्थेचे, अर्धे दिग्दर्शकाने उभे करायचे. मोठ्या स्टुडिओच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ होती, पण त्या बदल्यात दिग्दर्शकाच्या कामात कुणी नाक खुपसत नसे. जिस्सोजी १९७० मध्ये टीबीएसमधून बाहेर पडला आणि याच मार्गाने त्याने ‘मुजो’ केला. मुजो म्हणजे अनित्यता, काहीच टिकत नाही हा बौद्ध विचार.

कथा ऐकायला धक्कादायक आहे. बिवा सरोवराकाठच्या श्रीमंत घरातला मुलगा मासाओ. त्याला ना शिक्षणात रस, ना धंद्यात, जीव सगळा बुद्धमूर्तींत. नोह नाटकाचे मुखवटे घालून खेळता खेळता त्याचे सख्ख्या बहिणीशी संबंध येतात, मूल होतं, ते दुसऱ्याच्या नावावर खपवलं जातं. तो मूर्तिकाराकडे शिकायला जातो आणि तिथलंही घर विस्कटतं. एका लांबलचक प्रसंगात तो एका भिक्षूशी वाद घालतो: नरक नाही, स्वर्ग नाही, मग पाप कशाचं? सिनेमा त्याला शिक्षा करत नाही आणि शाबासकीही देत नाही. काळ्यापांढऱ्या रंगांत, रुंद लेन्समधून, खांबांच्या आणि दारांच्या मागून कॅमेरा सरकत राहतो आणि आपण डोकावत राहतो.

आता श्रेयनामावली वाचा. संगीत तोरू फुयुकीचं, ज्याने ‘अल्ट्रा सेव्हन’चं संगीत दिलं. कॅमेऱ्यामागे युझो इनागाकी आणि मासाओ नाकाबोरी, दोघेही त्सुबुरायाच्या कंपनीत तयार झालेले. पुढच्या चित्रपटांत कलादिग्दर्शन नोरियोशी इकेयाचं, ज्याने टीव्हीसाठी राक्षस रेखाटले. राक्षसांच्या मालिकेची फौजच बुद्धमूर्तींच्या सिनेमाकडे वळली होती. ‘मुजो’ला १९७० च्या लोकार्नो महोत्सवात ‘सुवर्ण बिबळ्या’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या वर्षी तो चार चित्रपटांत विभागून दिला गेला होता.

पाठोपाठ ‘मंदारा’, म्हणजे मंडल, १९७१ मध्ये आणि ‘उता’ १९७२ मध्ये आला. ‘मुजो’ला धरून ही बौद्ध त्रयी. ‘मंदारा’मध्ये आदर्श वसाहत उभारू पाहणारा एक पंथ आहे आणि त्यात स्त्रियांवरचे अत्याचार ज्या थंडपणे दाखवलेत, ते आज बघवत नाही. हे सत्तरच्या दशकाचं वातावरण म्हणून सोडून देता येईल असं मला वाटत नाही. दिग्दर्शकाची नजर तिथे स्वतःच्याच चौकटीवर खूश आहे. ‘उता’ मात्र मला तिन्हींत सरस वाटतो. एका जुन्या घरात राहणारा तरुण नोकर, घराण्याची जमीन आणि डोंगर विकायला निघालेले मालकाचे मुलगे, आणि रोज मध्यरात्री न चुकता टॉर्च घेऊन वाड्याला फेरी घालणारा हा पोरगा. घराचा धर्म घराच्या वारसांना नको आहे, नोकराला हवा आहे. ही भूमिका केली साबुरो शिनोदाने, आणि पुढच्याच वर्षी तो ‘अल्ट्रामॅन तारो’चा नायक म्हणून घराघरांत पोचला.

उरलेली पस्तीस वर्षं

टीव्ही त्याने सोडला नाही, पण टीव्हीने त्याला कायम सहनही केलं नाही. १९७१ च्या ‘सिल्व्हर कामेन’ या मालिकेची सुरुवात त्याने इतक्या अंधारात चित्रित केली की समोर मारामारी चाललीये की भजन, ते कळू नये. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘मिररमॅन’ हा उजेडातला हिरो आला, आणि प्रेक्षक तिकडे गेले. मधल्या वर्षांत त्याने संगीताचे कार्यक्रम, माहितीपट आणि चित्रपट केले. पैकी १९७७ चा ‘उतामारो’ हा चित्रकारावरचा. ही वर्षं घाईने ओलांडली तरी चालेल.

१९८३ च्या ‘नामी नो बॉन’पाशी मात्र थांबायला हवं. सो कुरामोतोची संहिता, तोरू ताकेमित्सूचं संगीत आणि प्रमुख भूमिकेत ओझूच्या चित्रपटांतला म्हातारा बाप चिशू र्‍यू. हवाईला स्थलांतरित झालेल्या जपानी माणसाची ही कथा, बायको गेल्यानंतरच्या पितरांच्या सणाची. युद्धात आपला देश कुठला, या प्रश्नाने फाटलेलं घर. इथे जिस्सोजीचा कॅमेरा पहिल्यांदाच हात जोडून उभा असल्यासारखा वाटतो. विचित्र कोन आहेत, पण ते ओरडत नाहीत.

१९८८ मध्ये त्याच्या हाती मोठा पैसा आला. ‘तेइतो मोनोगातारी’ ही हिरोशी आरामाताच्या कादंबरीवरची भव्य कथा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं टोकियो आणि ते शहर उद्ध्वस्त करू पाहणारा लष्करी गणवेशातला मांत्रिक कातो. यासाठी जुन्या गिंझा भागाचा प्रचंड सेट उभारला गेला, ट्रामसकट. जिस्सोजी स्वतः ट्रामवेडा होता, त्यामुळे त्या ट्राम किती प्रेमाने दाखवल्यात ते वेगळं सांगायला नको. कथा मात्र अडखळते. कातो झालेला क्युसाकू शिमादा आणि त्याचा लांबोडा चेहरा लक्षात राहतो, कथानक राहत नाही.

नव्वदच्या दशकात त्याने एदोगावा रान्पोच्या रहस्यकथांवर दोन चित्रपट केले. पैकी छतावरच्या पोकळीतून शेजाऱ्यांच्या खोल्यांत डोकावणाऱ्या माणसाची कथा तर जणू त्याच्यासाठीच लिहिलेली होती. टोकियोच्या कला विद्यापीठात तो प्राध्यापक झाला, ऑपेरा बसवत राहिला. आणि मधूनमधून अल्ट्रामॅनच्या नव्या मालिकांत एखाददुसरा भाग करून जात राहिला. २००५ च्या ‘अल्ट्रामॅन मॅक्स’मध्ये त्याने मेट्रॉनला परत आणलं. तो इतकी वर्षं इथेच लपून होता. मानवी रूपात त्याची भूमिका मिनोरी तेरादाने केली. मियाझाकीच्या उडत्या किल्ल्याच्या चित्रपटातल्या खलनायकाचा आवाज तो हाच. मेट्रॉन बघतो की माणसं मोबाइलच्या नादाने आपणहून रानटी होत चाललीत. या ग्रहावर आक्रमण करण्यात आता अर्थ नाही, असं ठरवून तो घरी निघून जातो.

२९ नोव्हेंबर २००६ रोजी पोटाच्या कर्करोगाने जिस्सोजी गेला, वय ६९. शेवटपर्यंत काम चालू होतं. त्याचा काही भाग त्याच्या मृत्यूनंतर लोकांसमोर आला.

नाव माहीत नसलं तरी त्याची नजर तुम्ही पाहिलेली असण्याची शक्यता बरीच आहे. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक हिदेआकी आन्नो लहानपणी या मालिकांवर पोसलेला. त्याच्या ‘इव्हँजेलियन’ या गाजलेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेतले विजेच्या खांबांमागचे सूर्यास्त, कोपऱ्यात ढकललेले चेहरे, काळ्या आकृत्या यांचं मूळ शोधत गेलात तर साठच्या दशकातल्या त्या रविवार संध्याकाळी सापडतील. त्यानेच लिहिलेल्या २०२२ च्या ‘शिन अल्ट्रामॅन’ चित्रपटात तर हे कर्ज उघडपणे फेडलंय. सरकारी कचेरीतली साधी बैठकसुद्धा खुर्चीखालून आणि कपाटाच्या फटीतून चित्रित केली आहे, आणि परग्रहवासी नायकासोबत छोट्याशा दारूच्या गुत्त्यात बसून पृथ्वीचा सौदा करतो.

बघायला सुरुवात करायची असेल तर ‘अल्ट्रामॅन’चा तेविसावा भाग, मग ‘अल्ट्रा सेव्हन’चा आठवा, मग क्योतोवाला भाग. तिन्ही मिळून सव्वा तास. ते मानवलं तर ‘उता’, आणि नंतर ‘मुजो’. ‘मुजो’ जवळजवळ अडीच तासांचा आहे, घरातल्या थोरामोठ्यांसोबत बघायचा नाही, आणि भिक्षूबरोबरचा वाद येईपर्यंत तरी बंद करायचा नाही.